दोन्ही आजच

चंदीगडच्या जानेवारीत माणूस कपडे घालत नाही, कपड्यांमध्ये राहायला जातो. आत बनियन, त्यावर अंगाला चिकटून बसणारं इनर, मग शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, बाह्यांचा स्वेटर आणि सगळ्यावर जाकीट. त्या शनिवारी सकाळी बाहेर धुकं होतं, खोलीत उजेड नव्हता आणि दिवा लावायला पांघरुणातून हात काढायचा मला कंटाळा आला होता. खुर्चीच्या पाठीवर वाळत पडलेलं इनर हाताला लागलं, ते मी चढवलं. दंडात जरा घट्ट वाटलं. गेला महिनाभर बायको डिंकाचे लाडू करत होती आणि मी ते खात होतो. मी मनाशी म्हटलं, बघा, या वयातही दंड भरतायत.

तासाभराने आम्ही दोघं फ्लूची लस टोचून घ्यायला आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाल्या, "अंकलजी, बाजू ऊपर करो." बाही कोपराच्या वर सरकेना. मग जाकीट काढलं, स्वेटर काढला, दुसरा स्वेटर डोक्यातून काढताना चष्मा त्याच्याबरोबर गेला, शर्टाची बटणं काढली, आणि शेवटी मी बदामी रंगाच्या इनरमध्ये उघडा पडलो. गळ्याला बारीक लेस आणि मधोमध साटीनचं इवलंसं फूल.

सिस्टर भल्या बाई. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग औषधाच्या कपाटाकडे बघितलं, मग त्यांच्याने राहवेना. "अंकलजी, ये तो आंटीजी का लगता है."

बायको माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. माझ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाली, "तरीच सकाळपासून शोधतेय मी. आणि मी तुमचं घालून आलेय, पोत्यासारखं."

"मग सांगायचंस ना!"

"तुम्ही जाकिटाच्या आत काय घातलंय ते मला कसं दिसणार?"

सिस्टरनी हसू आवरत मला सांगितलं की तुम्ही सावकाश काढा, तोवर आंटीजींचं उरकते. मग ट्रेमध्ये दोन सुया ठेवून त्यांनी बायकोला विचारलं, "आंटीजी, डॉक्टर साहब ने आपको दो टीके लिखे हैं. फ्लू वाला और खांसी वाला. दोनों आज, या एक बाद में?"

बायको म्हणाली, "दोनों आज ही." आणि तिने माझ्या पोत्यासारख्या इनरची डावी बाही वर केली. मग उजवी.

इथे मला थांबून आमच्या घरचा एक कायदा सांगायला हवा, नाहीतर ती उजवी बाही बघून मी का दचकलो ते तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या घरात एका वेळी एकच औषध घेतलं जातं. हा कायदा बायकोने केलेला. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मी एका वैद्याचं चूर्ण आणि एका डॉक्टरांच्या गोळ्या एकाच दिवशी सुरू केल्या आणि अंगभर गांधी उठल्या. कशाने उठल्या ते वैद्य सांगेना, डॉक्टर सांगेना. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि मी खाजवत राहिलो. तेव्हापासून बायकोचं एकच वाक्य: एका वेळी एक, म्हणजे बाधलं तर कशाने बाधलं ते कळतं. पुढे हा कायदा औषधापुरता राहिला नाही. नवं तेल आणलं की त्या आठवड्यात नवी भाजी नाही. नव्या गावी बदली झाली की त्या महिन्यात नवी कामवाली नाही. करोनाच्या लशीला सगळा सेक्टर जोडीने गेला. आम्ही वेगवेगळ्या दिवशी गेलो, का तर दोघंही एकदम आडवे झालो तर चहा कोण करणार. तिला कॅल्शियमची गोळी आणि डोकेदुखीची गोळी एका घोटाबरोबर घेताना मी कधी पाहिलेलं नाही.

तीच बाई दोन्ही दंड उघडे टाकून बसली होती. या बाईला घाई आहे, एवढं मला कळलं. कसली ते कळेना.

"अगं, दोन एकदम कशाला? तुझाच नियम ना?"

"असू दे आज," ती म्हणाली. सिस्टरनी डाव्या दंडात सुई टोचली. बायकोने डोळे मिटले नाहीत. मग उजव्या दंडात. तेव्हाही नाही.

माझा आवाज जरा चढला असावा, कारण पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले. तरुण सरदारजी, बोलायला गोड. त्यांना वाटलं की अंकलजी लशीला घाबरलेत. त्यांनी मला समजावलं की मोठ्या माणसांना फ्लूची आणि डांग्या खोकल्याची अशा दोन्ही लशी एकाच वेळी द्यायला काहीच हरकत नसते, फक्त वेगवेगळ्या दंडात देतात. फार तर दंड ठणकेल, एखादा दिवस कणकण वाटेल. "वैसे गैप रख सकते थे," ते म्हणाले, "लेकिन छोटे बच्चे के पास जाना है, तो टीका दो हफ्ते पहले लगा हो तो अच्छा. आंटीजी की फ्लाइट के हिसाब से आज नहीं तो देर हो जाती."

"किसकी फ्लाइट?" मी विचारलं.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी कापसाच्या डब्याचं झाकण लावलं, जे आधीच लावलेलं होतं. आणि मी बायकोच्या लेसच्या इनरमध्ये, हातात दोन स्वेटर घेऊन, उत्तराची वाट बघत बसलो. आयुष्यात वाईट बातम्या काही कमी ऐकलेल्या नाहीत, पण बाकीच्या वेळी निदान अंगावर स्वतःचे कपडे होते.

आमची एकुलती एक मुलगी कॅनडात असते. इथली निम्मी मुलं असतात तशी. सेक्टर चौतीसच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या परीक्षेची तयारी केली आणि गेली. तिकडे इथून जवळच्या खरड गावच्याच एका मुलाशी लग्न केलं, आणि आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत. पण माहेर म्हणजे सरकारी क्वार्टर आणि मुलगी सात समुद्रापार, तेव्हा रीत कशी पाळायची यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर बैठक झाली होती. त्यात असं ठरलं की बाळंतपणाला तिच्या सासूबाईंनी जावं, आणि पुढच्या वर्षी मी रिटायर झालो की आम्ही दोघांनी मिळून जावं. 'ठरलं' म्हणजे मी बोललो आणि बायको "बरं" म्हणाली. तीस वर्षं मी तिचं "बरं" ऐकतोय. एक बरं भाजीत मीठ बरोबर झालंय म्हणणारं, एक पाहुणे येणार आहेत म्हटल्यावरचं. हे तिसरंच होतं, आणि ते मला ओळखता आलं नाही.

"विसा कधी मिळाला?" मी मराठीत विचारलं. परक्या गावात मराठीचा हा एक फायदा. भर दवाखान्यात भांडता येतं.

"तुम्ही ऑडिटला शिमल्याला गेला होतात ना, तेव्हा बोटांचे ठसे देऊन आले. मिळाला नंतर."

"एकटी गेलीस?"

"वरच्या भाभीजी होत्या बरोबर."

"किती दिवसांसाठी जायचंय?"

"सहा महिने."

सिस्टरना मराठी कळत नव्हती, पण सुई हातात घेऊन त्या अगदी हळू विचारत्या झाल्या, "अंकलजी, आपका तो बस फ्लू वाला है ना?"

आता इथे शहाण्या माणसाने एक लस घेतली असती आणि घरी गेला असता. मी म्हणालो, "मुझे भी दोनों."

डॉक्टर म्हणाले, घेऊ शकता, तुमच्या वयाला दोन्ही चालतील, फायद्याचंच आहे, पण आजच घ्यायची गरज नाही. मी म्हणालो, आजच. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कुठे जायचंय?" त्यावर मी जे बघितलं तिच्याकडे, त्याला उत्तर म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. लेसचं इनर काढून मी बनियनवर बसलो आणि दोन्ही दंड पुढे केले. त्या वेळी मला फार करारी वाटत होतं. बनियनला बगलेत भोक होतं ते नंतर कळलं.

परतताना आम्ही पायीच निघालो. दवाखाना ते क्वार्टर हा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांचा आहे. एरवी धुक्यातून चालताना ती माझी बाही धरते. त्या दिवशी तिने धरली नाही, आणि धरली असती तर दंड दुखला असता. मी मनात महिन्याभराचा हिशोब लावत चाललो होतो. मनीमाजऱ्याच्या बाजारातून दोनदा डिंक आणि अळीव आले होते. पिशव्या मीच उचलल्या होत्या, रिक्षावाल्याशी हुज्जत मीच घातली होती. डिंकाचे लाडू वळून झाले की ती एक माझ्या हातावर ठेवायची आणि विचारायची, "कसा झालाय? फार कडक नाही ना? चावता येईल ना?" मी भारावून जायचो. म्हणायचो, अगं माझे दात चांगले आहेत अजून. गुडघेसुद्धा बरे वाटतायत. ती म्हणायची, "बरं."

मी चाखणारा होतो. ओल्या बाळंतिणीच्या लाडवांची चाचणी माझ्या गुडघ्यांवर चालली होती.

फाटकाशी वरच्या मजल्यावरच्या भाभीजी भेटल्या. आमच्या वर राहणारं हे पंजाबी कुटुंब, बाई मनाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांनी लांबूनच विचारलं, "लग गए दोनों टीके?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना उमगलं की मला कळलंय. एक ओझं उतरल्यासारखं त्या हसल्या. "चलो जी, अच्छा हुआ! मेरे से तो छुपाया ही नहीं जा रहा था. भाईसाहब, आप फिकर ना करो. साग-रोटी रोज़ ऊपर से आएगी. कपड़े मशीन में डालने हमारा लड़का सिखा देगा. सब पक्का हो गया है."

सगळं पक्कं झालं होतं. बाहेरगावी जाताना लोक कुंड्या शेजाऱ्यांकडे ठेवून जातात, रोज थोडं पाणी घाला म्हणून सांगतात, तसं माझं झालं होतं. फक्त कुंडीला कुणी कळवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी मुलीला फोन लावला. तिच्याकडे रात्र होती, पण ती जागी होती. मी मराठीत चिडलो. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं, त्यामुळे आमचं भांडण नेहमी भाषांतर करत करत पुढे जातं.

"तुझ्या आईने मला सांगितलं नाही ते ठीक. तू तरी सांगायचंस."

"बाबा, मम्मा ने मना किया था."

"आणि तू ऐकलंस! लहानपणी कधी ऐकलं नाहीस तिचं."

"बाबा, सच बोलूं? आपको बताते तो आपको बुखार आ जाता. यू नो इट."

"काय संबंध?"

"मामा के घर की शादी. फिर मम्मा का वो दक्षिण का ट्रिप, सहेलियों वाला. फिर मेरा कॉन्वोकेशन. हर बार मम्मा का बैग पैक, और आप बेड पर."

मी तिला सांगितलं की तो योगायोग होता. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी माझी कंबर खरोखरच धरली होती. दक्षिणेच्या वेळी ताप थर्मामीटरवर दिसत होता, मी काय थर्मामीटरला फितवलं? आणि कॉन्व्होकेशनच्या वेळी... ते आता मला नीट आठवत नव्हतं, पण काहीतरी होतं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मुझे मम्मा चाहिए. बस. डर लग रहा है."

आता याच्यावर माणूस काय चिडणार? मी म्हणालो, "झोप आता." फोन ठेवला. पण राग तसाच राहिला, फक्त त्याला बसायला जागा राहिली नाही. ती आईला बोलावत होती, हे तिचं बरोबर होतं. आई जात होती, हेही बरोबर. रीतही तीच होती. मग माझंच काय चुकत होतं की एवढं बोचावं? मला जाण्याचं दुःख नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. मला चोरून ठरवल्याचं दुःख होतं. बदल्यांच्या नोकरीत गावं सुटली, शेजारी सुटले, मुलीची भाषासुद्धा सुटली. एक माणूस तेवढं सगळीकडे बरोबर आलं. प्रत्येक नव्या क्वार्टरमध्ये पहिल्या रात्री खोक्यांच्या मधे सतरंजी टाकून आम्ही दोघं काय बोलायचो? "आता इथे आपलं कोण?" असं मी म्हणायचो आणि ती म्हणायची, "आपण आहोत की." आणि आता त्या 'आपण'मध्ये वरच्या भाभीजी होत्या, त्यांचा मुलगा होता, दवाखान्यातले डॉक्टर होते. मीच नव्हतो.

दुपारी ती कपाटावरून मोठी बॅग काढत होती. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. दोन्ही हात वर करून तिने बॅग ओढली. मी दारातून बघत होतो. तिचे दंड दुखत नव्हते. माझे दोन्ही, खांद्यापासून कोपरापर्यंत, कुणीतरी मुसळाने कांडल्यासारखे झाले होते. पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत नेताना तोंडच ग्लासापाशी न्यावं लागत होतं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"छे."

"मग तसे का उभे आहात, पेंग्विनसारखे?"

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला अंगात कणकण आली. मी रजईत शिरलो आणि गप्प पडून राहिलो, कारण ताप आला हे सांगायची मला लाज वाटत होती. ताप खरा होता. डॉक्टरांनी तर सकाळीच सांगितलं होतं की येऊ शकतो. पण या घरात माझ्या तापाची पत राहिली नव्हती. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

ती चहा घेऊन आली. कप ठेवला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तिथेच काही वेळ राहू दिला. मला वाटलं आता टोमणा येणार. आला नाही.

"उठा. अंगातलं ते काढा आधी. घामेजलंय सगळं."

आता घरी आल्यावर मी रागाच्या भरात अंगावर काय चढवलं होतं म्हणता? तेच. बदामी. लेसचं. काढायला हात वर होईनात. शेवटी ती पलंगावर गुडघे टेकून बसली, लहान मुलाचं काढतात तसं तिने ते खालून गुंडाळत वर आणलं, एकेक हात अलगद सोडवला. माझं डोकं त्या घट्ट गळ्यात अडकलं. आत अंधार होता, तिच्या साबणाचा वास होता. बाहेरचं दिसत नव्हतं, म्हणून असेल, मला बोलता आलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी इनरच्या आतून विचारलं.

तिचे हात थांबले.

"मी अडवलं असतं तुला?"

"अडवलं नसतं," ती म्हणाली. "तुम्ही कधीच अडवत नाही. 'जा जा' म्हणता, स्टेशनवर सोडायला येतो म्हणता, आणि आदल्या दिवशी आडवे पडता. मग मीच बॅग उघडते. या वेळी मला बॅग उघडायची नव्हती."

"हा ताप खरा आहे."

"तो दर वेळी खराच असतो. म्हणून तर पंचाईत होते."

तिने इनर ओढून काढलं. माझे केस उभे राहिले असणार, कारण ते बसवायला तिने हात पुढे केला. मी मान बाजूला घेतली. अजून तेवढा राग शिल्लक होता. तिने हात मागे घेतला, इनर मांडीवर ठेवून त्याची घडी घातली. ते साटीनचं फूल बोटाने सरळ केलं. मला वाटलं, आता विषय संपला. उठून जाईल, बॅग भरायला घेईल. तिकीट होतं, विसा होता, लाडू डब्यात भरलेले होते, आता ती जाणारच होती, आणि जायलाच हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण ती उठली नाही.

"लस टोचून दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग सांगायचं, असं मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "एका वेळी एक. त्या डॉक्टरांनी घोळ घातला. आता हा ताप लशीचा आहे की मी चाललेय त्याचा, ते मला तिकडे जाऊन सहा महिने विचार केला तरी कळायचं नाही."